उस्तादांची बिनसीटची गाडी

परवा नातवानं नवी गाडी आणली आणि पहिली चक्कर आजीची म्हणून मला पुढच्या सीटवर बसवलं. वाटेत एक कुत्रं आडवं आलं, तर गाडी आपली आपणच थांबली. नातू मोठ्या ऐटीत म्हणाला, "बघितलंस आजी? मी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. गाडी स्वतःच ब्रेक मारते." मी म्हटलं, "त्यात काय मोठं? आमच्या लातूरला हे तुझ्या बापाच्या लहानपणीच होतं. लिंबाजी सोनकांबळे म्हणायचे त्याला." त्याला वाटलं, आजीचं आता वय झालं. झालंच आहे. गुडघे गेलेत, जन्मभर टायपिंग करून बोटांचे सांधे गेलेत, आणि एखाद्या जुन्या माणसाचं सांगायला बसावं तर ऐकणाऱ्याचा डोळा मोबाइलवर. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

लातूर नुकता जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी साध्या कागदासाठी उठून उस्मानाबादला जावं लागायचं. जिल्हा झाला आणि गाव एकदम साहेबांनी भरून गेलं. भाड्याच्या घरांत ऑफिसं, दिवाणखान्यात टेबलं, स्वयंपाकघरात फायली. ज्याला त्याला नोकरी पाहिजे, आणि नोकरीला एक तर टायपिंग पाहिजे नाहीतर लायसन. औसा रोडवरच्या एका लांबोळक्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्हीची सोय होती. पुढच्या बाजूला माझे टायपिंगचे क्लास, मागच्या बाजूला उस्तादांचं ड्रायव्हिंग स्कूल. मधे नुसता एक पत्रा. जिल्ह्याच्या मागोमाग दुष्काळही आला, पण तो काही नवा नव्हता, तो आमच्या ओळखीचाच.

उस्ताद म्हणजे लिंबाजी सोनकांबळे. बुटके, काळेसावळे. अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, त्याची मनगटाची बटणं भर मे महिन्यातही लावलेली. मूळचे औशाकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी मिलिटरीत ट्रक चालवले, मग नांदेडला दुसऱ्याच्या स्कूलमध्ये शिकवलं आणि जिल्हा झाल्यावर इथं स्वतःचं काढलं. आवाज इतका खालचा की शिकणाऱ्याला कान देऊनच ऐकावं लागे. "दमानं. दमानं घ्या. रस्ता कुठं पळून जायला न्हाई." दिवसभर पत्र्यापलीकडून मला एवढंच ऐकू यायचं. मी इकडे पोरांवर ओरडून ओरडून घसा बसवून घेई आणि तिकडे हा माणूस कोणाचा बाप मेल्यासारखं हळू बोले. कधी कधी त्याचाच राग यायचा.

शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूला उस्तादाचा वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच असतो. शिकणारा चुकला की उस्तादानं दाबायचा. मीही त्यांच्याकडेच शिकले. महिनाभरात मला वाटायला लागलं, आपल्याला काय गाडी येते! गंजगोलाईच्या त्या गर्दीतून, हातगाडे, गाढवं, सायकली चुकवत मी अशी बाहेर पडायचे की माझं मलाच कौतुक. एकदा सहज खाली बघितलं. उस्तादांचा पाय आपला हळूच दाबतोय, सोडतोय, दाबतोय. चेहरा मात्र खिडकीबाहेर, जसं काही यांचा संबंधच नाही. मी भडकले. "म्हणजे इतके दिवस गाडी तुम्हीच चालवत होतात?" म्हणाले, "न्हाई ताई, चालवत तुम्हीच व्हता. मी नुसती थांबवत व्हतो."

वीस वर्षं हे केल्यावर त्या पायाचं काय होणार? तो पाय मालकाच्या हातात राहिला नव्हता. माझ्याकडे चहाला आले आणि रस्त्यावर एखादा सायकलवाला जरा झोकांडला, की खुर्चीखाली यांचा उजवा पाय टपकन आपटलाच. एकदा निलंग्याला जाताना एसटीत पुढच्या सीटवरच्या बाईशी त्यांचं भांडण झालं. "कामून लाथा मारायलाव हो मघाधरनं?" आता तिला काय सांगणार, की वळणावर तुमचा ड्रायव्हर उशिरा ब्रेक लावतोय म्हणून? त्यांच्या बायको, कौसल्यावहिनी, मला नडगी दाखवायच्या. "झोपंतबी ब्रेक मारतेत, ताई. कुणाला वाचवतेत कुणास ठाव. मी तर निजलेली असती."

या वहिनी म्हणजे एक सणसणीत बाई. सरकारी दवाखान्यात आया होत्या. उस्ताद जितके हळू, तितक्या त्या तोंडावर. नवऱ्याला चारचौघांत बोलायच्या, पण दुसरं कोणी बोललं तर त्याची खैर नसे.

एका दुपारी वीज गेली. क्लास सोडून दिला आणि मी, उस्ताद, वहिनी असे तिघं शेडच्या सावलीत बसलो. सावली कसली, पत्रा तापून वरून भाजत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "उस्ताद, तुम्ही स्वतः कधी जोरात चालवली का हो गाडी?"

ते म्हणाले, "न्हाई, ताई. मिलिटरीत फुडच्या ट्रकच्या मागं ठरल्या अंतरानं जायचं. फुडं काढली की सजा. तिथनं सुटून आलो ते डाव्या सीटवर बसलो. पाय कधी खालपत्तर दाबलाच न्हाई." मग म्हणाले, "लोकायला गाडी शिकवून राहिलो, पण मला येती का न्हाई ते मलाच ठाव न्हाई. एकदा बघायचं हाय. डोळ्यात मोतीबिंदू धरायलाय. त्याच्या आत."

वहिनी म्हणाल्या, "बघा की मग. मी काय चाकाखाली निजलेय का?"

मला वाटलं, उन्हाचं बोलणं आहे, संध्याकाळी विसरतील. पण चार-आठ दिवसांत त्यांचा नांदेडचा एक जुना विद्यार्थी बातमी घेऊन आला. अर्धापूरच्या पलीकडे एक तलाव पार आटला होता. तळ सपाट, कडक, मैलभर मोकळा. तिथे नांदेडच्या काही हौशी मंडळींनी मोटारींची शर्यत ठरवली होती. कोणीही यावं, कसलीही गाडी आणावी, फक्त आत लोखंडी पिंजरा पाहिजे आणि डोक्याला हेल्मेट. मला तर ऐकूनच चीड आली. बायका हंडे घेऊन कोसभर फिरतायत आणि ह्यांना आटलेल्या तलावात गाड्या पळवायच्यात! मी तसं बोलले पण. उस्ताद नुसतं "हाव, खरं हाय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गाडीची मागची सीट काढली.

गाडी कोणती, तर त्यांचीच जुनी, आधी शिकवणीला वापरलेली. त्या वेळी ती छोटी गाडी नवी नवी निघाली होती. हलकी, पेट्रोल कमी पिणारी, मास्तर-डॉक्टरांनी हौसेनं घ्यायची. आम्ही तिला डबी म्हणायचो. शिकणाऱ्यांनी दोन-तीन वर्षांत तिचा गिअर, क्लच, सगळं कुटून काढलं होतं. स्कूलसाठी त्यांनी दुसरी जुनी गाडी घेतली तेव्हा सगळे म्हणाले, डबी विकून टाका. त्यांनी विकली नाही. इंजिन मोठं करायला ऐपत नव्हती, मग काय करायचं? त्यांचा हिशेब सरळ होता. जोर वाढत नसेल तर वजन कमी करायचं.

रोज शिकवणी संपली की एकेक वस्तू काढायचे. कार्पेट, छताचं अस्तर, दाराच्या आतले पुठ्ठे, मागची काच, स्टेपनी. आणि काढलेली वस्तू सायकलला बांधून मोंढ्यात न्यायचे, तोलायला. धान्याच्या काट्यावर! एकदा मीही गेले गंमत बघायला. त्या सालात मोंढा ओस पडला होता. तूर नाही, करडई नाही, हमाल पोत्यांवर आडवे. उस्ताद दिसले की उठून बसायचे. "आज काय माल आणलाव, उस्ताद?" हे म्हणायचे, "सीट." मग एक हमाल काटा धरायचा आणि दुसरा लिलावाच्या सुरात वजन पुकारायचा. आडत्या गल्ल्यावरून विचारायचा, "ओली हाय का वाळली?" सगळे हसायचे. उस्ताद हसायचे नाहीत, आकडा मनात घोकत निघायचे. हमालांना त्यांचं इतकं वेड लागलं की एखाद्या दिवशी हे गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी चौकशी व्हायची.

पिंजऱ्याला पाईप कुठून आणायचे हा प्रश्न होता. त्याच उन्हाळ्यात आमच्या शेडमागे बोअर घेतलं होतं, ते कोरडं गेलं. खूप खोल जाऊनही नुसती धूळ. पुढे आणखी नको म्हणून काम थांबवलं आणि हातपंपासाठी आणलेले बारीक लोखंडी पाईप तसेच पडून राहिले. ते कापून, वाकवून, वेल्डिंग करून उस्तादांनी गाडीच्या आत पिंजरा बांधला. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "पाणी न्हाई आलं ते न्हाई आलं, वर वाघाचा पिंजरा आला दारात."

सायलेन्सर आखूड केला तेव्हा मात्र माझं आणि त्यांचं वाजलं. माझी पोरं स्पीडची परीक्षा द्यायला बसलेली, घड्याळ लावलेलं, आणि पलीकडून एकदम असा फटाका फुटल्यासारखा आवाज, की एका पोरीनं कागदच फाडला. मी तरातरा मागे गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी इंजिन बंद केलं. हात पुसले. "चुकलं, ताई." बस, एवढंच. भांडायलाही मजा नाही अशा माणसाशी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक युक्ती काढली. माझ्या सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या, पत्रा थरथरायला लागला, की मगच ते इंजिन चालू करत. मशिनी थांबल्या की तेही थांबत. त्यामुळे पोरांना वाटायचं, आपणच एवढा आवाज करतोय, आणि ती आणखी जोरात बडवायची. त्या वर्षी माझा निकाल बरा लागला.

सगळ्यात शेवटी त्यांनी डाव्या बाजूची सीट आणि तिच्यापुढचे ब्रेक-क्लच काढले. ब्रेकचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. ते पेडल हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मी म्हटलं, "वाईट वाटतंय का?" तर म्हणाले, "न्हाई. आता ही गाडी माझी झाली. आता हिच्यात दुसऱ्यायचं काई न्हाई." मोंढ्यात ते पेडल तोललं तेव्हा काट्याचं पारडं हललंसुद्धा नाही म्हणे.

पण गाडी त्यांची झाली ती दोन-चार दिवसच. दुष्काळात टँकर वाढले, टँकरला ड्रायव्हर कमी पडले. रानात काही करायला उरलं नाही तसे खेड्यापाड्यातले बापई गाडी शिकायला यायला लागले. पन्नाशीची माणसं, धोतर-टोपीतली. स्कूलची एक गाडी पुरेना. मग उस्तादांनी डबीपण काढली. डावीकडे सीट नव्हती, तिथे एक लाकडी पाट टाकला आणि त्याच्यावर बसून शिकवायला लागले.

त्यांच्याच गावचे एक पाटील आले होते शिकायला. उस्तादांच्या वडिलांनी त्या पाटलांच्या वाड्यावर राबण्यात जन्म काढलेला. पाटील सवयीनं "ए लिंबाजी" म्हणायचे, उस्ताद "हां पाटील" म्हणायचे. पहिल्याच दिवशी पाटलांनी गिअर टाकून असा काही पाय दिला, की गाडी रस्ता सोडून थेट बाभळीकडे. उस्तादांनी सवयीनं ब्रेक मारला. पण ब्रेक होता कुठं? पाय नुसता पत्र्यावर आपटला. दोघंही काट्यांत. रक्तबंबाळ हात, पाटलांची टोपी वर फांदीवर. मी रस्त्यावरून धावत गेले तर हे दोघं एकमेकांचे काटे काढत बसलेले. पाटील म्हणत होते, "उस्ताद, माज्या हातानं न्हाई जमायचं, हे खांद्यातलं तुम्हीच काढा." त्या दिवसापासून लिंबाजीचं उस्ताद झालं.

आमच्या गल्लीत तेव्हा आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. पाटलांच्या विहिरीला थोडं होतं. गाडीत मागे सीट नाही म्हणजे जागाच जागा, हे आधी बायकांच्या ध्यानात आलं. मग रविवारी सगळ्या गल्लीच्या घागरी डबीत. ज्या विहिरीच्या पायरीवर उस्तादांच्या आईला कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं, तिथे गाडी मागून लावायची आणि पाटील स्वतः पोहऱ्यानं भरून द्यायचे. मी एकदा त्यांना विचारलं, कसं वाटतं हो तिथं जाताना? ते म्हणाले, "मायची लई आठवण येती." मग टेकले भिंतीला. "गाडी बी जड झाली, ताई. महिनाभर हलकी करून राहिलो, अन् लोकायनी एका दिवसात भरली." फार दमले होते त्या दिवसांत. दिवसा शिकवणी, रविवारी पाणी, डोळ्यात पाणी येऊन धूसर दिसायचं. तरी शर्यतीचं नाव काढलं की ताठ व्हायचे. एकदाच जायचंय, मग विका गाडी नाहीतर तिच्यात कोंबड्या पाळा, असं म्हणायचे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ते डबी घेऊन नांदेडला गेले. आम्हाला काही न्यायची सोय नव्हती, गाडीत एकच सीट. वहिनी म्हणाल्या, "मेले-बिले तर उचलून आणाया घरचं माणूस पायजे," आणि मला सोबतीला घेऊन एसटीत बसल्या. खरं तर त्यांना बघायचं होतं. मला पण बघायचं होतं, उगाच कशाला खोटं बोलू?

तलाव बघितला. काठाला वाळलेल्या केळीच्या बागा, तळाला भेगाळलेली पांढरट माती, आणि मधोमध चुन्याच्या फक्कीनं आखलेला मोठा गोल रस्ता. बांधावर ही गर्दी! पाण्याला आले नसते एवढे लोक गाड्या बघायला आलेले. दुसऱ्या गाड्या चकचकीत, रंगवलेल्या. उस्तादांच्या गाडीला अजून बाभळीचे ओरखडे होते, आणि आत बोअरचे पाईप. कोणीतरी ओरडलं, "पिंजऱ्यात काय आणलंय, काका? कोंबड्या का?" वहिनी त्याला हुडकायला निघाल्या होत्या, मी हात धरून बसवलं.

चार-चार गाड्या एका वेळी सोडत होते. उस्तादांच्या बरोबर अर्धापूरकडच्या एका केळीवाल्याचा मुलगा होता, पंचविशीचा, हसरा, दणकट गाडी. झेंडा पडला. सुरुवातीला उस्ताद मागेच राहिले. माझ्या मनात आलं, झालं, आता "दमानं दमानं" करत येणार सगळ्यांच्या शेवटी. पण दुसऱ्या फेरीला वळणावर बाकीच्या गाड्या धूळ उडवत बाहेर फेकल्या गेल्या, आणि ही एवढीशी डबी आतल्या बाजूनं अशी चिकटून वळली, की बांधावरचे लोक उभे राहिले. एक मागे टाकली. दुसरी मागे टाकली. आता पुढे तो केळीवाल्याचा मुलगा तेवढा. वहिनींनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतली. शेवटच्या फेरीत सरळ रस्त्यावर डबी त्याच्या बरोबरीला आली. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, पण माझ्या पोरांनी मला तसं बघितलं असतं तर क्लास सोडून गेली असती.

आणि त्या मुलाची गाडी डुलली. वेग जास्त झाला, हात चुकला, काय झालं कोण जाणे. गाडी नुसती एकदा इकडे, एकदा तिकडे झाली. आणि उस्तादांनी ब्रेक मारला.

स्वतःच्या गाडीला! पुढे रस्ता मोकळा होता, तो मुलगा बाजूला होता, यांना काही कारण नव्हतं. पण दुसऱ्याचा हात चुकला आणि यांचा पाय गेला. डबी जागच्या जागी गपकन थांबली. त्या मुलाची गाडी दोन पलट्या खाऊन पडली. मागच्या दोन्ही गाड्या झपकन पुढे निघून गेल्या आणि त्यांनी शर्यत संपवली. त्यांच्या नावानं टाळ्या वाजल्या, मग हळूहळू लोकांना कळलं काय झालंय ते.

आम्ही धावत पोचलो तोवर उस्तादांनी त्या मुलाला बाहेर काढलं होतं. तो शुद्धीवर होता, पण पाठ हलवता येत नव्हती. वहिनी दवाखान्यातल्या. त्यांनी बघितलं आणि सांगितलं, "ह्याला बसवायचं न्हाई. सरळ आडवा न्यायचा." आता आडवा कशात न्यायचा? रुग्णवाहिका कोणी बोलावलीच नव्हती. सगळ्या गाड्यांत सीटा. रिकामी, सपाट गाडी एकच होती. मंडपाची फळी काढली, मुलाला तिच्यावर बांधला आणि पुढून मागपर्यंत डबीत ठेवला. वहिनींनी एका माणसाला सोबत जायला बसवलं.

मग उस्ताद निघाले. तशी चाललेली गाडी मी कधी पाहिली नाही. भेगांवरून, ढेकळांवरून, बांधाच्या चढावरून ती गाडी अशी चालली की धूळसुद्धा उडाली नाही. लोक दोन्ही बाजूंनी सरकून वाट देत होते. बरोबर गेलेला माणूस नंतर सगळीकडे सांगत सुटला, नांदेडपर्यंत पेशंटच्या पाठीला एक धक्का नाही, हा म्हातारा काय गाडी चालवतो! मुलगा पुढे बरा झाला, त्याच्या लग्नाची पत्रिकाही आली. त्या दिवशी जिंकलं कोण, ते मात्र कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आम्ही दोघी तिथेच थांबलो, कारण ते परत तिथेच येणार होते. मंडप उतरला, गर्दी पांगली, चहावाल्यानं राहिलेला चहा आम्हाला देऊन स्टोव्ह विझवला. ऊन कलल्यावर डबी परत आली. वाटेतल्या गावात लोकांनी त्यांच्या गळ्यात फुलांचा हार घातला होता. ते खाली उतरलेच नाहीत. स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, "उस्ताद, सगळे तुमचं किती कौतुक करतायत."

"करतेत," ते म्हणाले. "दमानं चालिवली म्हणून करतेत, ताई." आणि त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. "दमानं तर मी रोजच चालवतो. एवढं करून, घरदार सगळं कामाला लावून, पाय दाबायचा तव्हाच उचलला. मीच उचलला."

वहिनींनी त्यांच्या गळ्यातला हार काढला. पदरानं त्यांचे डोळे पुसले, आधी चांगला, मग मोतीबिंदूचा. हेल्मेट उचलून त्यांच्या डोक्यावर बसवलं आणि खालचा पट्टा स्वतः लावला. म्हणाल्या, "आता कुणीबी न्हाई. फुडं न्हाई, बाजूला न्हाई, मागं न्हाई. जावा."

"कौसल्या, उजेड कमी हाय."

"तळ्यात काय हाय धडकाया? पाणी तर न्हाई. जावा म्हन्ते ना!"

ते गेले. पहिली फेरी जपून मारली. दुसरीला इंजिनाचा आवाज चढला. तिसरीला तो असा चढला, की मला वाटलं आता गाडी फुटते. कितीतरी फेऱ्या झाल्या. धुळीचा एक लोट नुसता गोल फिरत होता आणि आवाज एकदाही खाली आला नाही. वहिनी बांधावर उभ्या राहून ओरडत होत्या, "दाबा! अजून दाबा!" मीही ओरडत होते. मग एकाएकी आवाज बंद पडला. आम्ही दोघी चपला हातात घेऊन तळ्याच्या मधोमध धावत गेलो. गाडी धड होती, उस्ताद धड होते. पेट्रोल संपलं होतं.

सगळं तोंड धुळीनं पांढरं, आणि त्यात दात दिसत होते. बोलायला दम नव्हता. दार उघडून उतरायला लागले, तर वहिनींनी बाहेरून दार लोटून बंद केलं. "बसा. आज तुम्ही उतरायचं न्हाई." त्यांनी पदर खोचला, मी पदर खोचला आणि आम्ही मागून ढकलायला लागलो. गाडी काय, फुलासारखी हलकी. मागची काच नव्हती, त्यातून मला त्यांची ताठ मान दिसत होती. त्या अख्ख्या तळ्यात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. बांधाकडे उजवीकडे वळायची जागा आली तेव्हा उस्तादांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढला, सरळ लांब केला आणि मागच्यांना नीट दिसेपर्यंत तसाच धरून ठेवला.